आप्तप्रामाण्य, वेदप्रामाण्य आणि वैद्याची साक्ष

आपल्या व्यवहारात ‘ग्रंथोक्त’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. वैद्य चिठ्ठीवर लिहितो तो ग्रंथोक्त कल्प. निर्माता परवाना मागतो तो ग्रंथोक्त पाठाचा. आणि रुग्णाने शंका काढली तर उत्तर ठरलेले असते, ‘शास्त्रात सांगितले आहे.’ शास्त्रात सांगितले म्हणून ते प्रमाण का, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासमंडळात एका तरुण वैद्याने तो विचारला. उपस्थितांपैकी एका ज्येष्ठांनी उत्तर दिले की आयुर्वेद हा अथर्ववेदाचा उपवेद आहे, वेद स्वयंप्रमाण आहेत, सबब आयुर्वेद प्रमाण आहे. सर्वांनी माना डोलावल्या आणि चहा आला. प्रस्तुत लेखकही मान डोलावणाऱ्यांत होता. पुढे न्यायदर्शन पुन्हा वाचावयास घेतले तेव्हा लक्षात आले की हे उत्तर चुकीचे नसले तरी अर्धेच आहे. आपल्या एका प्रमुख दर्शनाने हीच साखळी नेमकी उलट बाजूने धरली आहे. आयुर्वेद प्रमाण आहे हे सर्वांच्या अनुभवाचे आहे, म्हणून वेद प्रमाण मानावेत, असा तो युक्तिवाद आहे. तो मान्य केला तर आपल्या चिकित्सालयात आणि निर्माणशाळेत जे घडते त्याचे वजन एकदम वाढते. या दुसऱ्या बाजूचा विचार यथामती येथे मांडला आहे.

प्रथम पूर्वमीमांसेचे मत थोडक्यात पाहू. वेद हे ईश्वराने सांगितले म्हणून प्रमाण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मीमांसकांचे म्हणणे तसे मुळीच नाही. जैमिनी, शबर आणि सातव्या शतकातील कुमारिल भट्ट यांच्या मते वेदाला कर्ताच नाही. ना मनुष्य, ना देव. वाक्यात दोष शिरतो तो बोलणाऱ्याच्या भ्रमामुळे, प्रमादामुळे किंवा फसविण्याच्या इच्छेमुळे. बोलणाराच नसेल तर दोषाला आश्रय उरत नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य, वेदाचा कर्ता परंपरेत कोणाला आठवत नाही, आणि ज्ञान हे बाधक पुरावा येईपर्यंत स्वतःच प्रमाण असते, या तीन खांबांवर त्यांचे अपौरुषेयत्व उभे आहे. उत्तरमीमांसेत शंकराचार्यांनी ब्रह्माला शास्त्राचे मूळ मानले, परंतु तेथेही वेद महाभूताच्या निःश्वासाप्रमाणे सहज प्रकट झाले असे म्हटले आहे. ग्रंथकर्ता बसून ग्रंथ रचतो तशी ती रचना नव्हे. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आपल्याला त्यातून एवढेच घ्यावयाचे की ‘वेद ईश्वरप्रणीत’ हे एकच एक हिंदू मत नाही.

नैयायिकांना कर्ताविरहित वाक्य ही कल्पनाच पटली नाही. वाक्य आहे तेथे वक्ता आहे, आणि वक्ता विश्वसनीय असेल तर वाक्य प्रमाण आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. असा विश्वसनीय वक्ता म्हणजे आप्त. वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात आप्ताची जी लक्षणे दिली आहेत ती वैद्यमात्राने पाठ करावीत अशी आहेत. त्याने विषयाचा साक्षात्कार केलेला असतो, त्याला प्राणिमात्रांविषयी दया असते, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असते. ज्ञान, करुणा आणि सचोटी, या तिन्हींपैकी एकही गळून चालत नाही. विशेष म्हणजे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे भाष्यकार स्पष्ट सांगतात. आप्तत्व जन्माने येत नाही.

आता मूळ वाद पाहू. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात पूर्वपक्षी वेदावर तीन आक्षेप घेतो : वेदवचने खोटी ठरतात, परस्परविरोधी आहेत आणि पुनरुक्त आहेत. खोटेपणाचे उदाहरण पुत्रकामेष्टीचे आहे. इष्टी केली तरी पुत्र होत नाही. मग दिसणाऱ्या फळाबाबत जे वचन खोटे ठरते ते स्वर्गासारख्या न दिसणाऱ्या फळाबाबत खरे कशावरून? प्रश्न धारदार आहे आणि सूत्रकारांनी तो लपविलेला नाही. उत्तर असे की अपयश वचनाचे नाही. कर्म, कर्ता आणि साधन यांपैकी कोठेतरी वैगुण्य राहिले. भाष्यात या तिन्हींचा विस्तार येतो. क्रियेत चूक झाली, यजमान वा ऋत्विज अपात्र निघाला, हवी नीट संस्कारित नव्हते किंवा दूषित झाले होते, मंत्र कमीजास्त झाले, दक्षिणा गैरमार्गाची होती. एवढ्यावर न थांबता मातापित्यांच्या बाजूचे वैगुण्य सांगताना भाष्यकार योनिव्यापद् आणि बीजोपघात हे शब्द वापरतात. तर्कशास्त्राच्या पोथीत आपल्याच वैद्यकातील परिभाषा अचानक समोर येते तेव्हा वैद्य वाचकाला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

हे उत्तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे, कारण ते आपण रोज देतो. औषध लागू पडले नाही तर पथ्य पाळले नसेल, अनुपान चुकले असेल, काल योग्य नसेल. चरकांचे चिकित्साचतुष्पाद याच विचाराचे रूप आहे. वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे चारही गुणवान असतील तर सिद्धी. मात्र येथे एक धोका आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. प्रत्येक अपयशाला वैगुण्याची सबब देता आली तर शास्त्र कधीच खोटे ठरणार नाही, आणि जे कधीच खोटे ठरू शकत नाही त्याच्या खरेपणालाही अर्थ उरत नाही. माझ्या मते वैगुण्याचे उत्तर प्रामाणिक ठरण्यास एक अट आहे. वैगुण्य नेमके कोठे होते ते शोधून दाखविता आले पाहिजे, आणि ते दूर केल्यावर फळ मिळाले पाहिजे. पथ्याचे नाव रुग्णावर ढकलून देणारा वैद्य शास्त्राचे रक्षण करीत नाही, स्वतःचे करतो.

न्यायसूत्रकारांनाही केवळ सबबीवर थांबावयाचे नव्हते. म्हणून त्या आह्निकाच्या अखेरीस ते सकारात्मक हेतू देतात. मंत्र आणि आयुर्वेद यांचे प्रामाण्य जसे, तसेच वेदाचे. कारण ते सांगणाऱ्या आप्तांचे प्रामाण्य. विष, भूतबाधा, वीज यांचे निवारण करणारे मंत्र फळ देतात असा त्या काळी सार्वत्रिक विश्वास होता, म्हणून मंत्र दृष्टांतात आले. आयुर्वेद आला तो याहून भक्कम पायावर. अमुक केले असता इष्ट मिळेल, अमुक टाळले असता अनिष्ट टळेल असे आयुर्वेद सांगतो, आणि तसे केले असता तसे घडते. ज्यांनी आयुर्वेद पाहिला व सांगितला तेच वेदाचेही द्रष्टे व प्रवक्ते आहेत. एका ठिकाणी ते खरे बोलले हे तपासता येते, तर दुसऱ्या ठिकाणीही ते खरे बोलले असे अनुमान करावे, असा भाष्यकारांचा अभिप्राय आहे. शितावरून भाताची परीक्षा, असे आपल्या घरगुती भाषेत म्हणता येईल. पुढे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत तो आप्त म्हणजे साक्षात ईश्वर असा सिद्धांत बळकट केला.

यावर आक्षेप येतात, आणि ते जुन्यांनीच घेतले आहेत. पहिला आक्षेप : वैद्यक खरे ठरले ते आप्तामुळे नव्हे, पिढ्यान्पिढ्यांच्या अन्वयव्यतिरेकाने, म्हणजे ‘दिले तर गुण, न दिले तर नाही’ या पडताळ्याने; मग त्याच्या खरेपणाचे श्रेय आप्ताला का? नवव्या शतकातील काश्मीरचे जयंत भट्ट यांनी न्यायमंजरीत याचा परामर्श घेतला आहे. द्रव्ये असंख्य, त्यांचे संयोग असंख्य, देश, काल, प्रकृती यांचे भेद असंख्य. एकेकट्या मनुष्याने हे सर्व पडताळून शास्त्र रचले हे संभवत नाही, म्हणून सर्व एकदम जाणणारा आप्त मानणे भाग आहे, असा त्यांचा रोख आहे. मला हे उत्तर पुरतेपणी पटत नाही, कारण एकट्याने न जमणारे काम शेकडो पिढ्यांना जमू शकते. दुसरा आक्षेप मीमांसकी वळणाचा आहे : ज्वरात लंघन सांगणारा खरा बोलला म्हणून स्वर्गाबद्दलही खराच बोलेल, हे कशावरून? हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. न्यायमताचे समर्थन करावयाचे तर आप्ताच्या दुसऱ्या व तिसऱ्या लक्षणाकडे, म्हणजे करुणा आणि सचोटी यांकडे जावे लागते. स्वभाव विषयागणिक बदलत नाही, हा त्या अनुमानाचा खरा आधार. ते अनुमान किती बळकट मानावयाचे ते ज्याने त्याने ठरवावे.

आता संहितांकडे वळू. त्या स्वतःच्या प्रामाण्याबद्दल काय म्हणतात? अवतरणकथा सर्वांना पाठ आहे : ब्रह्मा, दक्ष प्रजापती, अश्विनीकुमार, इंद्र, भरद्वाज, मग पुनर्वसू आत्रेय आणि अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत, क्षारपाणी हे सहा शिष्य. परंतु त्याच चरकसंहितेत रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात दुसरी कथा येते. तेथे ग्राम्य आहारविहाराने स्वतः ऋषीच मंदावले आणि दुरुस्त होण्यासाठी इंद्राकडे गेले. सुश्रुतात इंद्रानंतर भरद्वाज नाहीत, काशिराज दिवोदास धन्वंतरी आहेत. आणि ब्रह्मदेवाने प्रजा उत्पन्न करण्यापूर्वीच एक लक्ष श्लोकांचे, एक हजार अध्यायांचे शास्त्र रचले, मग मनुष्याचे अल्प आयुष्य व अल्प बुद्धी पाहून त्याचे आठ विभाग केले, असे म्हटले आहे. या कथा परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. कथेचे प्रयोजन गुरुपरंपरेचे पावित्र्य सांगणे हे आहे.

तात्त्विक भूमिका सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात आहे. तेथे आयुर्वेद शाश्वत म्हटला आहे, पण कारण पाहा. तो अनादी आहे, त्याची लक्षणे स्वभावसिद्ध आहेत आणि द्रव्यांचे स्वभाव नित्य आहेत. अग्नीची उष्णता कोणी केली नाही, जलाचे द्रवत्व कोणी केले नाही; तसे गुरू द्रव्याने गुरुत्व वाढणे, लघूने लाघव येणे हा नियम कोणी केला नाही. आयुर्वेद ‘उत्पन्न झाला’ असे म्हणतात ते केवळ कोणाला तरी त्याचा बोध झाला आणि त्याने उपदेश केला या अर्थाने. म्हणजे चरकांच्या दृष्टीने अपौरुषेय आहे तो द्रव्यस्वभाव. पोथी पौरुषेय आहे. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला पुढील पुष्कळ गोंधळ पडणार नाही. त्यामुळेच चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने, मिळून १२० पैकी ४१ अध्याय, दृढबलांनी पूर्ण केले हे संहितेतच नोंदविले आहे आणि त्याचा कोणाला संकोच वाटला नाही. संस्कर्ता संक्षिप्ताचा विस्तार करतो, अतिविस्ताराचा संक्षेप करतो आणि जुने तंत्र नवे करतो, असे त्याचे काम तेथेच सांगितले आहे.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा आहे. आप्तागम म्हणजे वेद, हे तर चरक सांगतातच. पण त्याबरोबर आणखी एक वर्ग ते त्यात घेतात : वेदाला विरुद्ध न जाणारे, परीक्षकांनी रचलेले, शिष्टांना मान्य असलेले आणि लोकांच्या हितासाठी प्रवृत्त झालेले अन्य शास्त्र. ‘परीक्षक’ या शब्दावर भर द्यावा. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शब्दाचे चार प्रकार दिले आहेत : दृष्टार्थ, अदृष्टार्थ, सत्य आणि अनृत. तीन हेतूंनी दोष कोपतात व सहा उपक्रमांनी शमतात हे दृष्टार्थाचे उदाहरण. परलोक आहे, मोक्ष आहे हे अदृष्टार्थाचे. ज्या शास्त्राने आपल्या वर्गीकरणात ‘अनृत’ हा कप्पा ठेवला त्याला आंधळी श्रद्धा अपेक्षित नव्हती हे उघड आहे.

अर्थात, उलट बाजूची वचनेही लपवून चालणार नाहीत. सुश्रुत सूत्रस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात म्हणतात की ज्या औषधांचे फळ प्रत्यक्ष आहे व जी स्वभावतः प्रसिद्ध आहेत, त्यांची तर्काने परीक्षा करू नये. हजार हेतू दिले तरी अंबष्ठादी गण रेचन करणार नाही. हे वचन बुद्धिबंदीसाठी उद्धृत करणाऱ्यांनी पुन्हा वाचावे. तेथे निषेध कोरड्या तर्काचा आहे, प्रत्यक्षाचा नाही. ज्या सुश्रुतांनी शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून थराथराने डोळ्यांनी पाहण्यास सांगितले, ते प्रत्यक्षाला विरोध कसा करतील? वाग्भटांनी तर अष्टांगहृदयाच्या शेवटच्या अध्यायात दोन्ही टोके गाठली आहेत. आपले शास्त्र आगमसिद्ध व प्रत्यक्षफलदायी असल्याने मंत्राप्रमाणे वापरावे, त्याची चिकित्सा करीत बसू नये, असे ते म्हणतात. आणि लगेच पुढे विचारतात की ऋषिप्रणीतावरच प्रेम असेल तर चरक, सुश्रुत सोडून भेलादिकांचे ग्रंथ का वाचीत नाही? तैल वातावर, तूप पित्तावर आणि मध कफावर काम करणारच. सांगणारा ब्रह्मदेव असो वा त्याचा पुत्र, वक्त्याच्या मोठेपणाने द्रव्याच्या शक्तीत काय फरक पडतो? भेलाबद्दलचा टोमणा काळाने खरा केला. भेलसंहिता आज उपलब्ध आहे ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीच्या आधारे, आणि तीही १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने छापल्यामुळे.

येथवर वैद्यांचा विषय झाला. औषधनिर्मात्यांशी त्याचा संबंध काय? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांचा स्वतंत्र भाग आला. पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार केलेले ते आयुर्वेदीय औषध, अशी त्याची व्याख्या आहे. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली अशी नावे त्या अनुसूचीत आहेत. पाठ ग्रंथात नसून केवळ घटकद्रव्ये ग्रंथोक्त असतील तर ते स्वामित्वाचे औषध, त्याचे नियम वेगळे. विचार करता ही विलक्षण गोष्ट आहे. आप्तोपदेश हे प्रमाण एका लौकिक कायद्याने स्वीकारले, आणि वेष्टनावर संहितेचे नाव छापण्याचा अधिकार आपल्याला दिला. ते नाव छापले की निर्माता स्वतः वक्ता होतो. या डबीत जे आहे ते चरकांनी सांगितले तेच आहे, असे तो वैद्याला व रुग्णाला सांगत असतो.

एका अवलेहाबद्दलचा अनुभव सांगतो; निर्मात्याचे नाव अर्थातच देत नाही. क्षीण रुग्णांत पूर्वी ज्याचा गुण हमखास येई तो कल्प एका हिवाळ्यात ओळीने चार-पाच जणांत निष्फळ ठरला. पथ्य तपासले, अग्नी तपासला, मात्रा बदलली. शेवटी निर्माणशाळेत जाऊन विचारले. मालकांनी मोकळेपणाने सांगितले की अष्टवर्ग मिळत नाही, म्हणून ती आठही द्रव्ये पाठातून वगळली. मी म्हणालो, ‘अहो, भावप्रकाशात प्रतिनिधिद्रव्ये दिली आहेत ना?’ भावमिश्रांनी अष्टवर्ग राजालाही दुर्लभ आहे असे सांगून मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद घेण्यास सांगितले आहे, हे मालकांनाही माहीत होते. ‘तेवढ्याने घाण्याचा खर्च वाढतो, वैद्यबुवा, आणि गिऱ्हाईक चवीवर घेते,’ हे त्यांचे उत्तर.

या ठिकाणी मला जैमिनींच्या स्मृतिपादातील एक अधिकरण आठवले. वैसर्जन होमाचे वस्त्र अध्वर्यूने घ्यावे असे एक स्मृतिवचन आहे. त्याला वेदाचा आधार आहे असे अनुमान करावे काय? शबरस्वामी म्हणतात, करू नये. कारण तेथे लोभ हा हेतू दिसतो आहे. ज्या मीमांसकांनी वेदाचे अक्षरही मनुष्यकृत मानले नाही त्यांनीच, वक्त्याचा फायदा उघड दिसला की वचनाचे प्रामाण्य गेले, असा दंडक घातला आहे. भावमिश्रांचे प्रतिनिधिद्रव्य हे शास्त्रच आहे, कारण ते उघड सांगितले आहे आणि अभावामुळे सांगितले आहे. आठ द्रव्ये गाळून चरकांचे नाव तसेच ठेवणे हे त्या वस्त्रासारखे आहे. न्यायभाष्याच्या भाषेत ते साधनवैगुण्य, असंस्कृत हवी. फरक इतकाच की यज्ञातील वैगुण्य यजमानाला भोवते, येथे ते रुग्णाला भोवते आणि दोष चरकांच्या माथी जातो.

मालकांशी त्या दिवशी वाद झाला नाही; ते वयाने मोठे होते आणि बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या कपाटात प्रत्येक घाण्याची हस्तलिखित नोंद होती, आणि तीत काय वगळले तेही प्रामाणिकपणे लिहिलेले होते. ती वही त्यांनी मला दाखविली. ‘हे कपाटात राहते, वैद्याला कसे कळणार?’ एवढेच मी विचारले. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याकडून आलेल्या डब्यांवर शतावरी, विदारी, अश्वगंधा आणि वाराहीकंद ही नावे प्रतिनिधी म्हणून स्पष्ट छापलेली होती, किंमत थोडी वाढलेली होती, आणि सोबतच्या चिठ्ठीत भावप्रकाशाचा संदर्भ त्यांनी स्वहस्ते लिहून पाठविला होता.